खारफुटीतला चोणक होडीतून गरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चतुर्थी सरली आणि नदीचे पाणी निवळू लागले की मला फोन आणि मेसेज सुरू होतात. बहुतेक प्रश्न दर वर्षी तेच असतात. मी गोव्यात माशेलच्या बाजूला राहतो आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात, मांडवीच्या आतल्या फाट्यांत वीसेक वर्षे गरवतो (गळाने मासे धरतो) आहे. म्हणून ही उत्तरे एकदाच नीट लिहून ठेवतो. दाट मुळांत, फांद्यांखाली, बांधाच्या दगडांत दडलेला चोणक होडीतून कसा गरवायचा एवढ्यापुरतीच ती आहेत.

१. चोणक म्हणजे नेमका कुठला मासा? रायगडचा जिताडा तो हाच का?

हो, तोच. रायगडात जिताडा, गोव्यात चोणक. इंग्रजीत बारामुंडी किंवा आशियाई सी-बास. कपाळ मध्येच खोलगट, तोंड डोळ्याच्याही मागपर्यंत फाकलेले, शेपटी गोल. रात्री बॅटरी मारली तर डोळा निखाऱ्यासारखा तांबूस चमकतो. अणकुचीदार दात नसतात, पण ओठांच्या आत खरखरीत कागदासारखा पट्टा असतो आणि कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. ही धार लक्षात ठेवा, प्रश्न ५ आणि १४ मध्ये तिचे काम आहे.

हा मासा नदीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. पिल्ले खारफुटीत, खाजणात (बांध घालून राखलेल्या खारजमिनीत), अगदी गोड्या पाण्यापर्यंत चढतात. म्हणून तो शापोरा नदीच्या तोंडाशीही लागतो आणि मांडवीवर आत असलेल्या वळवईच्या बाजूलाही.

२. तो मुळांतच का बसतो? मधल्या पाण्यात का लागत नाही?

चोणक पाठलाग करून दमणारा मासा नाही, तो दबा धरतो. वाहत्या पाण्यात जिथे आडोसा आहे, म्हणजे कांदळाची खाली उतरलेली कमानदार मुळे, पडलेले झाड, पुलाचा खांब, बांधाचा ढासळलेला चिरा, तिथे आडोशामागे पाणी संथ होते. तो त्या संथ पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि वाहत आलेले सुंगट (कोळंबी) किंवा शेवट्याचे (बोई माशाचे) पिल्लू तोंड उघडून आत ओढतो. त्याचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही: ओल्या पाटावर तळवा आपटल्यासारखा, पोकळ.

तिवराच्या पेन्सिलीसारख्या वर आलेल्या मुळांत तो भर भरतीला शिरतो, पण पाणी उतरले की तिथे त्याला थारा नसतो. कांदळाखाली मात्र ओहोटीतही खोल पाणी राहते. नवख्याने आधी कांदळ आणि तिवर ओळखायला शिकावे. त्यात निम्मे काम होते.

३. कुठला महिना चांगला?

माझ्या मते ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. पावसाचा गढूळपणा गेलेला असतो, खाजणातले पाणी बाहेर निघत असते आणि त्याबरोबर लहान मासळी. दुसरा हंगाम मार्च ते मे, पाणी तापल्यावर. डिसेंबर-जानेवारीच्या गार पहाटे चोणक सुस्त असतो. तेव्हा पहाटेचा हट्ट सोडून दुपारी जावे.

४. भरतीला जावे की सुकतीला (ओहोटीला)?

मला कुणी एकच प्रश्न विचारायला दिला असता तर मी हा निवडला असता.

सुकतीला जा. नेमके सांगायचे तर भरती पूर्ण होऊन पाणी वळल्यानंतर तासाभराने सुरू करा आणि पुढचे दोन-अडीच तास गरवा. भर भरतीला चोणक झाडीत खोलवर, तुमच्या हाताबाहेर असतो. पाणी उतरू लागले की लहान मासळीला झाडीतून बाहेर यावेच लागते. ती बारक्या व्हाळांच्या (ओहळांच्या) तोंडातून येते, आणि चोणक त्या तोंडाशी, पहिल्या मोठ्या मुळाच्या मागे येऊन थांबतो. एवढ्या मोठ्या खारफुटीत शोधायच्या जागा अशा आठ-दहाच उरतात.

वेळ काढायला जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाचे तीन चतुर्थांश सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना पंचांग पाहावेही लागत नाही. पण हा ढोबळ हिशेब आहे. मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहा आणि त्यात आपल्या जागेचा उशीर धरा, कारण मुखापासून जितके आत जाल तितके पाणी उशिरा वळते. हा उशीर कुठल्याही तक्त्यात मिळणार नाही. एकाच खांबावर तीन-चार दिवस खूण करून तो स्वतः काढावा लागतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी फार जोरात धावते, होडी आवरत नाही, कचराही वाहून येतो. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, पाणी हलतच नाही. मला उधाणानंतरचे तीन-चार दिवस सर्वांत लाभतात.

५. रॉड, रील, दोरी काय घेऊ? समुद्रावरचा लांब रॉड चालेल का?

लांब रॉड नको. वर फांद्या असतात, दहा फुटी रॉड फिरवायलाच जागा नसते. साडेसहा ते सात फुटांचा, कण्यात ताकद असलेला रॉड घ्या. रील बेटकास्टिंग असो की स्पिनिंग, ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरी सुटताना होणारा अटकाव) घट्ट धरणारे हवे. दोरी ४० ते ५० पौंडांची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी. तिच्यापुढे ५० ते ६० पौंडांचा फ्लुरोकार्बनचा लीडर (गळाकडचा दोरीचा जाड तुकडा), दोन-तीन फूट. लीडर दोन गोष्टींसाठी लागतो: कालवे (धारदार शिंपले) चिकटलेल्या मुळांवर ब्रेड क्षणात कापली जाते, आणि चोणकाने मान झटकली की कल्ल्याची कड दोरीवर फिरते. दर माशानंतर लीडरचा शेवटचा वीतभर भाग नखाने चाचपा. नख अडखळले तर तेवढा कापून पुन्हा गाठ मारा.

ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ शिका, ती गाईडमध्ये (रॉडवरच्या कड्यांत) अडकत नाही. साधा तंगूस (नायलॉनची दोरी) या कामाला वापरू नका. तो ताणला जातो, आणि त्या ताणात मासा मुळांत पोचतो.

६. होडी कुठली? इंजिन हवेच का?

इंजिन जागेपर्यंत पोचायला. शेवटचे पन्नास-साठ मीटर वल्ह्याने किंवा बांबूने. लहान फायबरची होडी, सपाट तळाची असेल तर उत्तम. कयाकही चालते, पण मगरींच्या भागात नाही (प्रश्न ११).

होडीच्या तळात पोते किंवा जुनी चटई पसरा. वल्हे आपटले, डबा घसरला, नांगराची साखळी वाजली की तो आवाज पाण्यातून दूरवर जातो. ज्यांच्याकडून मी शिकलो ते आबा चप्पलसुद्धा काठावर काढून होडीत चढत. मला तेव्हा तो देवभोळेपणा वाटे. अर्धा तास अनवाणी बसून पाहिल्यावर कारण कळले.

लाइफ जॅकेट अंगात घातलेले हवे, बाकाखाली ठेवलेले नव्हे. मांडवी आणि जुवारीच्या मुख्य पात्रात बार्जच्या लाटा आडव्या येतात, त्या होडीच्या तोंडावर घ्या. रायबंदर-चोडणसारख्या फेरीबोटींच्या वाटेत थांबू नका. ऑक्टोबरात आणि मे महिन्यात दुपारी ढग काळवंडले की रॉड खाली ठेवून परत फिरा.

७. होडी नेमकी कुठे उभी करायची?

इथे बहुतेकांचे चुकते. लोक झाडीला चिकटून होडी लावतात आणि सरळ खाली गळ सोडतात. मासा होडीखालून निघून गेलेला असतो.

झाडीपासून बारा ते पंधरा मीटर लांब थांबा. होडीचे तोंड प्रवाहाकडे, आणि तुम्ही जागेच्या खालच्या अंगाला किंवा समोर. म्हणजे ल्युअर (नकली आमिष) प्रवाहाबरोबर वाहत येतो, जसे खरे सुंगट येते. प्रवाहाविरुद्ध ओढलेला ल्युअर चोणकाच्या पाठीमागून येतो. त्यावर तो क्वचितच वळतो.

नांगर टाकला तर दोर हातासरशी सुटेल असा बांधा, किंवा बांबू गाळात रोवून त्याला फाशाची गाठ मारा. मासा लागल्याक्षणी होडी मोकळी व्हायला हवी. दोघे असाल तर एकाने गरवावे आणि दुसऱ्याने हातात वल्हे धरून नुसते बसावे. हे दुसऱ्याला कंटाळवाणे वाटते, पण मासा त्याच्यामुळेच होडीत येतो. का ते प्रश्न १० मध्ये.

८. दर दुसऱ्या फेकीला ल्युअर मुळांत अडकतो. काय करू?

गळाचे टोक लपवा. चार-पाच इंची मऊ प्लॅस्टिकचा, शेपटी हलणारा ल्युअर ५/० मापाच्या रुंद वळणाच्या गळावर चढवा आणि गळाचे टोक ल्युअरच्या पाठीत जेमतेम खुपसून ठेवा. मुळावरून तो सरपटत निघतो, आणि माशाने चावला की टोक बाहेर येते. तीन गळांचे घोस असलेले लाकडी किंवा प्लॅस्टिकचे ल्युअर झाडीच्या कडेने, मोकळ्या पाण्यात वापरा.

फेक डोक्यावरून नको, बाजूने आणि खालून. ल्युअर पाण्यावर भाकरीच्या दगडासारखा टप्पे घेत फांदीखाली शिरला पाहिजे. हे घरामागच्या अंगणात, खुर्चीखाली बादली ठेवून शिकता येते.

अडकलाच तर झटके देऊ नका. झटक्याने गळ आणखी रुततो, आणि सुटला तर तोंडावर येतो. होडी त्याच्या पलीकडे नेऊन उलट दिशेने ओढा. ब्रेड कधीही हाताला गुंडाळून ओढू नये, बोट कापते. वल्ह्याला गुंडाळा. फांद्या मात्र तोडू नका. खारफुटी तोडणे गुन्हा आहे, आणि उद्याचा मासाही त्याच फांदीखाली येणार आहे.

९. जिवंत आमिष बरे की ल्युअर?

पोट भरायचे असेल तर जिवंत शेवटा किंवा मोठे जिवंत सुंगट. त्याला तोड नाही. शेवटा दोन्ही ओठांतून गळाला लावा, फार दाट जागेत पाठीच्या काट्यामागून. पण जिवंत आमिष स्वतःच मुळांत शिरते आणि अडकते. शिवाय चोणक ते खोल गिळतो (प्रश्न १७). परत सोडायचा विचार असेल तर ल्युअर, किंवा आमिषाला वर्तुळाकार गळ. या गळाला झटका द्यायचा नाही, नुसती दोरी ताणत न्यायची.

१०. मासा लागतो, पण पहिल्याच धडकेत मुळांत शिरतो आणि तोडतो. किती घट्ट ड्रॅग ठेवू?

स्प्रिंगचा काटा दोरीला लावून ओढा. ५ ते ६ किलोला ड्रॅग सरकला पाहिजे. हातात तो फारच घट्ट वाटतो, आणि तसाच हवा. मोकळ्या समुद्रात मासा पळू देऊन दमवायचा असतो. मुळांत पळू दिलेला मासा परत येत नाही.

पण नुसत्या ड्रॅगने काम होत नाही. पहिले तीन सेकंद रॉडचे टोक खाली, पाण्याशी समांतर, झाडीच्या उलट बाजूला. टोक वर उचलले की मासा वर येऊन उडी मारतो आणि मान झटकून गळ फेकतो. त्याच क्षणी मागच्या माणसाने वल्ह्याचे दोन जोरदार फटके मारून होडी पात्राच्या मध्याकडे न्यावी. रीलने तुम्ही हातभर दोरी भराल तोवर होडी त्याला दोन मीटर बाहेर खेचते. चार वर्षांपूर्वी, सांत इस्तेवच्या मागच्या फाट्यात मी एकटा होतो, नांगराची गाठ घट्ट होती. मासा लागला, मी गाठीकडे वळलो, आणि तेवढ्यात सगळे संपले. लीडर मधोमध चिंधीसारखा फाटला होता. तेव्हापासून दाट झाडीत मी एकटा जात नाही.

शिरलाच मुळांत तर? ओढू नका. दोरी सैल सोडा, अगदी पूर्ण सैल, आणि दोन-तीन मिनिटे थांबा. ताण नाहीसा झाला की चोणक पुष्कळदा आला त्याच वाटेने बाहेर येतो. दोरी हळूच सरकू लागली की मोकळ्या पाण्यात येईपर्यंत धीर धरा. नाही सरकली तर होडी जवळ नेऊन दोरी ज्या मुळाला वेढली आहे ते पाहा आणि रॉडच्या टोकाने वेढा सोडवा. हात पाण्यात घालू नका.

११. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत म्हणतात. खरे का?

खरे. मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या या साधारण १५ किलोमीटरच्या कालव्यात मगरी पूर्वापार आहेत. मगर ही जात खरे तर गोड्या पाण्याची, इथे ती मचूळ पाण्यात राहते. ओहोटीला गाळावर ऊन खात पडलेली दिसेल. या भागातली गावे पौषातल्या अमावास्येला चिखलाची मगर करून मानगे थापणी करतात, इतके हे शेजारपण जुने आहे.

नियम साधे: होडीच्या कडेवरून पाय सोडू नका, पाण्यात उतरू नका, मासा तिथेच साफ करून आतडी टाकू नका, अंधार पडायच्या आत परता. गाळावर मगर दिसली तर जवळ जाऊन फोटो काढू नका, तो फाटा त्या दिवशी तिचा.

१२. मानशीच्या (खाजणाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) तोंडाशी चोणक हमखास असतो. तिथे गळ टाकू का?

असतो हे खरे. भरतीला मानशीचे दार आपोआप मिटते, सुकतीला उघडते, आणि पोंयीतली (बांधाआतल्या तळीतली) सगळी मासळी त्या अरुंद तोंडातून बाहेर पडते. पण मानशीवरच्या मासेमारीची दर वर्षी पावणी (लिलाव) होते. पैसे भरून ती घेणाऱ्याचे जाळे तिथे लागते आणि त्याचे वर्षाचे गणित त्यावर असते. त्याला विचारल्याशिवाय तोंडाशी गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातली कणसे मोडणे. विचारा. मला आजवर दोनदाच नकार मिळाला आहे. मानशीपासून चांगले अंतर ठेवून, प्रवाह जिथे पहिल्यांदा वळतो तिथल्या मुळांत त्याच मासळीवर तोच चोणक लागतो. बांधावर होडी घासू नका. बांध खचला तर खारे पाणी भातशेतीत जाते.

१३. बंदी आणि परवानग्यांचे काय?

१ जून ते ३१ जुलै ही बंदी यांत्रिक मासेमारीसाठी आहे. पण चोणकाचा विणीचा काळही पावसाळ्याचाच, आणि नदीला लोंढा असतो. त्या दिवसांत मी होडी काढतच नाही. होडीची नोंदणी आणि इंजिन याबद्दल बंदर कप्तान खात्यात, मासेमारीबद्दल मत्स्योद्योग खात्यात आधी विचारा. चोडणच्या पश्चिम टोकाचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य (१.७८ चौरस किलोमीटर) वनखात्याच्या ताब्यात आहे. तिथे गळ टाकायचा नाही. सीमा पाण्यातून ओळखू येत नाही, म्हणून नकाशा जवळ ठेवा.

१४. चोणक होडीत कसा घ्यावा?

रबराच्या जाळीत, डोक्याकडून. कल्ल्यात बोटे घालू नका. माझ्या डाव्या अंगठ्यावर अजून पांढरी रेघ आहे, मासा जेमतेम दोन किलोचा होता. खालचा ओठ अंगठ्याने धरता येतो, पण दुसरा हात पोटाखाली हवा. मोठा मासा जबड्याने उभा टांगला तर त्याच्या मणक्याला इजा होते. हात ओले करा, होडीचा तापलेला तळ त्याच्या अंगाला लागू देऊ नका.

१५. केवढा ठेवावा, केवढा सोडावा?

चोणक लहानपणी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फार लहान ठेवला तर एकदाही वीण न झालेला मासा गेला, आणि फार मोठा ठेवला तर अंडी घालणारी मादी गेली. मी साठ सेंटीमीटरच्या आतला सोडतो, नव्वदच्या वरचा सोडतो. मधला एक घरी नेतो, एकच. हा सरकारी नियम नाही, माझा आहे. मोठा मासा सोडताना तोंड प्रवाहाकडे करून जाळीतच आडवा धरा. तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत सोडू नका.

१६. आमच्या गावच्या तळ्यात वनस्पती दाट आहेत, पण भरती-ओहोटी नाही. तिथे हेच चालेल का?

होडीची शिस्त आणि घट्ट ड्रॅग तेच. बाकी सगळे बदलते. प्रवाह नसल्याने मासा सावली आणि मोकळ्या खिडक्या पाहून बसतो. अशा तळ्यात गाठ बहुतेक मरळाशी पडते. त्याला पोकळ रबरी बेडूक कमळाच्या पानांवरून सरकवत न्या, पानांमधल्या मोकळ्या जागेत दोन सेकंद थांबवा. पाणी फुटले की लगेच झटका नको, एक-दोन आकडे मोजा. मरळाची जोडी पिल्लांचा तांबूस पुंजका राखत असेल तर त्यांना गरवू नका. पालक गेले तर पुंजका तासाभरात फस्त होतो. करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी असतात, आणि साळावलीसारखी धरणे पिण्याच्या पाण्याची आहेत. तिथे परवानगीशिवाय होडी घालू नका.

१७. गळ घशात गेला आहे आणि मासा सोडायचा आहे. काढू का?

काढू नका. चिमट्याने घशात शोधाशोध केली तर कल्ले फाटतात आणि रक्त थांबत नाही. लीडर गळाच्या शक्य तितका जवळ कापा आणि मासा पाण्यातच मोकळा करा. साधा लोखंडी गळ खाऱ्या पाण्यात गंजून झिजतो, स्टेनलेसचा तसाच राहतो. म्हणून जिवंत आमिषाला स्टेनलेसचे गळ वापरू नका आणि घरीच पक्कडीने गळाची उलटी कुसळी दाबून ठेवा. मात्र कल्ल्यातून आधीच भळाभळा रक्त येत असेल तर प्रश्न १५ मधला माझा नियम बाजूला ठेवा, लांबी कितीही असो. तो मासा जगणार नाही. तो बर्फात घाला आणि त्या दिवसापुरता गळ गुंडाळा.